न धुतलेलं पातळ

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत डायपरची बाजू घेऊन भांडणारा एकच म्हातारा होता, आणि तो नेमका माझा शेजारी. दिगंबरराव. मार्केट यार्डात भुसार विभागात तोलणार म्हणून आयुष्य काढलेला माणूस. पोती काट्यावर चढवून घ्यायची, वजन मोठ्यानं सांगायचं आणि व्यापारी, शेतकरी दोघांच्याही शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही हातातली पिशवी जरा वरखाली करून "सव्वा किलो" म्हणायची खोड गेली नव्हती. भाजीवाले त्यांना दुरून पाहूनच वैतागायचे.

असा हा माणूस गेल्या हिवाळ्यात लिफ्टपाशी, जिन्यात, मेडिकलच्या दुकानात, कुणी सापडेल त्याला धरून डायपरचं गुणगान गायचा. "बाळ कोरडं राहतं. आईला झोप मिळते. तुमची ती बाळोती म्हणजे जंतूंचं माहेरघर." सोसायटीतल्या सुना खूश. वरच्या मजल्यावरच्या दीपमालेनं तर सासूला सुनावलं, "बघा, काका किती पुढारलेले आहेत." मी ऐकून घ्यायचे. पुढारलेपणाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, हे मला ठाऊक होतं.

बाळोती धुणं हा काही सोहळा नव्हता, हे मीही सांगेन. माझ्या दोन्ही बाळंतपणांत घर ओल्या फडक्यांनी भरलेलं असायचं आणि धुऊन धुऊन सासूबाईंचे हात फुटायचे. तेव्हा डायपर असते तर मी डोक्यावर घेऊन नाचले असते. पण दिगंबररावांचं प्रकरण वेगळं होतं, आणि ते सुरू झालं आदल्या जूनमध्ये, त्यांची बायको कुसुम गेली तेव्हा.

कुसुमची गॅलरी आणि माझी गॅलरी यांच्यामध्ये एक भिंत आहे. आम्ही दोघी आपापल्या बाजूला कपडे वाळत घालता घालता भिंतीपलीकडे बोलायचो. एकमेकींचं तोंड दिसत नसे, त्यामुळे खरं बोलता यायचं. एका सकाळी तिनं चहा टाकला, छातीत कसंतरी होतंय म्हणून ओट्याला टेकून खाली बसली, आणि संपलं. दिगंबरराव आंघोळीला गेले होते. बाहेर आले तेव्हा चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

तेराव्याला त्यांची धाकटी बहीण साताऱ्याहून आली होती. तिनं सांगितलं, "दादा, वहिनीचे कपडे घरात ठेवू नकोस. जीव अडकून राहतो." मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. जीव कपड्यात अडकतो हे मला पटत नाही, पण तेराव्याच्या घरात वाद घालू नये एवढंही मला कळतं. दिगंबररावांनी बहिणीचं ऐकलं. रेशमी साड्या तिला आणि मुलीला, अपूर्वाला, दिल्या. उरलेलं सगळं बोहारणीला.

आमच्याकडे बायडाबाई नावाची बोहारीण येते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखोटीला जुन्या कपड्यांचं ओझं. तिच्याशी घासाघीस करणं हे कुसुमचं काम होतं. त्या दिवशी दिगंबररावांनी केली. गॅलरीतल्या खाटेवर जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं होतं. त्यांनी ते उघडून पाहिलंसुद्धा नाही, सवयीनं नुसतं हातानं तोललं आणि बायडाबाईकडून त्यावर चांगलं जाड बुडाचं मोठं पातेलं मिळवलं. माझ्या दारात येऊन मला दाखवलं. "कुसुमला असं हवं होतं," म्हणाले आणि रडायला लागले.

ते गाठोडं कशाचं होतं हे नवरात्रात कळलं.

अपूर्वा तेव्हा नाशिकहून माहेरी आली होती, पोट दिसायला लागलेलं. तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्या सगळ्या वर्षांत कुसुम आपलं एकेक सुती पातळ विरून मऊ झालं की माळ्यावर ठेवत गेली होती. कुणाला बोलली नाही. आपण तयारीत आहोत हे कळलं तर पोरीच्या मनाला लागेल, ही तिची काळजी. जूनमध्ये फोनवर बातमी आली आणि तिनं सगळी पातळं खाली काढली, गरम पाण्यातून काढली, उन्हाची तिरीप मिळेल तशी वाळवली, आणि गाठोडं बांधून ठेवलं. मुलीला फोनवर सांगितलं, बाळोत्यांची चिंता करू नकोस. त्याच आठवड्यात ती गेली. नवऱ्याला सांगायचं राहून गेलं.

"बाबा, आईनं बाळोत्यांचं गाठोडं केलंय ना, ते कुठे आहे?" अपूर्वानं विचारलं.

"माळ्यावर असेल," दिगंबरराव म्हणाले.

त्या रात्री ते माझ्याकडे आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. खुर्चीत बसले आणि हात मांडीवर उताणे ठेवून मला सांगितलं, "वहिनी, मी दिलं. पातेल्यावर दिलं." मग दुसरी गोष्ट सांगितली, ती मला अपेक्षित नव्हती. बहीण कपडे गोळा करत होती तेव्हा त्यांनी एक पातळ चोरून ठेवलं होतं. मोतिया रंगाचं, बारीक हिरव्या काठाचं. जायच्या आदल्या रात्री कुसुमनं बदलून दांडीवर टाकलेलं, धुवायला न पडलेलं. ते त्यांनी आपल्या उशीच्या अभ्र्यात घातलं होतं. त्याला तिचा वास होता.

"अडकतो ना जीव? मग अडकू दे," ते म्हणाले. "मला हवाच आहे."

द्यायचं ते ठेवलं आणि ठेवायचं ते दिलं, असा सगळा उफराटा कारभार. जन्मभर दुसऱ्यांचा माल बिनचूक तोलणाऱ्या माणसाच्या हातून व्हावा, याचं मला वाईट वाटलं आणि रागही आला. मी बोलणार होते, पण ते पुढे म्हणाले, "ती येते, वहिनी."

दिवेलागणीच्या वेळी गॅलरीत आवाज येतो, असं त्यांचं म्हणणं. ओलं कापड दोरीवर टाकण्याआधी बायका झटकतात, तो आवाज. फट्, मग जरा थांबून पुन्हा फट्. जाऊन पाहिलं तर दोरी रिकामी. म्हणून ते संध्याकाळी कुठे जात नसत. देवळात नाही, बागेत नाही, लग्नाला गेले तरी चारलाच निघायचे. लोकांना वाटायचं म्हातारा तऱ्हेवाईक झाला.

मी त्यांना समजावलं की इमारतीत आवाज कुठला कुठे येतो. वर कुणीतरी कपडे झटकत असेल. ते हसले. त्यांच्या बरोबर वरचा फ्लॅट बंद आहे, माणसं बंगळूरला असतात, हे मलाही माहीत होतं.

आता हे सांगावं की नाही, पण सांगते. दिवाळीनंतर एकदा मी तिन्हीसांजेला माझ्या गॅलरीत टॉवेल काढत होते. भिंतीपलीकडे फट् झालं. अगदी जवळ. माझ्या हाताच्या मागच्या बाजूला बारीक तुषार आल्यासारखं गार वाटलं. सवयीनं माझ्या तोंडातून निघालं, "झाले का गं कपडे?" आणि मग माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी टॉवेल तिथेच टाकून आत आले आणि गॅलरीचं दार लावलं. दिगंबररावांना हे मी सांगितलं नाही. ज्याच्या घरात आग लागली आहे त्याच्याकडे तेल घेऊन जायचं नसतं.

ते मात्र गाठोड्याच्या मागावर लागले होते. बायडाबाईला त्यांनी गाठली. ती भली बाई, पण एवढ्या महिन्यांनी ती तरी काय करणार. म्हणाली, "दादा, चांगलं लुगडं असलं तर बाजारात जातं. तुमची विरलेली होती. तसली गॅरेजवाल्यांना जातात, तुकडे करून. हात पुसायला." त्यानंतर दिगंबरराव गॅरेजं बघत फिरायला लागले. मार्केट यार्डापासून गंगाधाम चौकापर्यंत एकही सोडलं नसेल. गाडी नसलेला माणूस गॅरेजात कशाला येतो, म्हणून मेकॅनिक त्यांना हटकायचे. एका दुपारी मला म्हणाले, आज दिसलं. जांभळ्या काठाचं, त्यावर ऑइल.

"जांभळ्या काठाची पातळं पुण्यात कमी आहेत का?" मी म्हटलं.

"ते मी आणलेलं होतं," ते म्हणाले आणि निघून गेले.

एवढं झाल्यावर माणसानं मुलीला खरं सांगावं. पण नाही. मेलेल्या आईची शेवटची वस्तू आपण भांड्यावर घालवली हे गरोदर पोरीला सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. त्याऐवजी त्यांनी डायपरची पाकिटं आणायला सुरुवात केली. अपूर्वाला मुलगी झाली तेव्हा कपाटाचा अर्धा भाग भरला होता. अपूर्वा बाळाला घेऊन घरी आली आणि तिनं पुन्हा गाठोडं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ती जुनी फडकी कशाला? आता काळ बदलला." ते तिला लागलं. बाबांना आईच्या वस्तूंची किळस येते की काय, असं ती मला एकदा रडत म्हणाली. मी काय सांगणार? सांगायचं ते त्यांनीच सांगायला हवं होतं.

बाळाला डायपर सोसले नाहीत. सगळ्यांना सोसत नाहीत असं नाही, दीपमालेचा मुलगा त्यातच वाढला आणि गुटगुटीत आहे. पण ह्या पोरीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. जांघेत आधी लाल झालं, मग चिघळलं. दिगंबररावांनी महागातले आणले, मग त्याहून महागातले. ओला डायपर टाकायच्या आधी हातात धरून तोलायचे आणि मान हलवायचे. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं की काही दिवस हे बंद, सुती कापड वापरा, मऊ आणि जुनं. जावई शौनक शनिवारी नाशिकहून येताना तयार लंगोट घेऊन आला. कोरं कापड, कडेला नायलॉनची पट्टी. ते बांधलं की पोर आणखी किंचाळायची.

जुनं मऊ सुती कापड शोधायला निघालं तेव्हा आमच्या लक्षात आलं की अख्ख्या सोसायटीत ते कुठेच नाही. आम्ही बायका गाऊन घालतो आणि न चुरगळणाऱ्या साड्या नेसतो. माझ्याकडे एक सुती चादर होती, ती मी फाडून दिली. बाळाच्या अंगाला ती गोणपाटासारखी लागली.

त्या दुपारी मी आळिवाचे लाडू घेऊन त्यांच्याकडे गेले होते. दिगंबरराव बाहेरच्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. अपूर्वा आत उशांचे अभ्रे बदलत होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते मोतिया पातळ होतं, आणि चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

"बाबा, आईचं एक राहिलंय की! बघा किती मऊ झालंय. मी आत्ता भिजत घालते."

दिगंबरराव उठले. बाळ त्यांनी माझ्या हातात दिलं, जवळजवळ टाकलंच, आणि पातळ तिच्याकडून हिसकावून घेतलं. "हात लावायचा नाही," ते ओरडले. ह्या माणसाला मी इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. बाळ दचकून रडायला लागलं.

अपूर्वानं त्यांच्याकडे पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "बाबा, गाठोडं कुठे आहे?"

त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्याच, पातळ छातीशी धरून, पातेल्यासकट सगळं सांगितलं. मला वाटलं ती आता कडाडेल. तिनं फक्त बाळाला माझ्याकडून घेतलं आणि आत जाऊन ओलं झालेलं बदलायला घेतलं. दार उघडंच होतं. पाण्यानं पुसताना पोर जी कळवळली, ती आम्ही दोघांनी बाहेर उभं राहून ऐकली. श्वास कोंडून निळी पडते की काय असं वाटण्याइतकी रडली.

"एकच आहे हो माझ्याकडे," दिगंबरराव मला म्हणाले. "धुतलं की गेली ती."

मी त्यांना फटकळ उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. जिवंत पोरीपेक्षा वास मोठा का, असं विचारणार होते. पण मला गॅलरीतला तो आवाज आठवला. मी लाडवांचा डबा टेबलावर ठेवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. स्वयंपाकघरात गॅसवर पाणी ठेवलेलं होतं, बोहारणीच्या पातेल्यातच. घरात दुसरं एवढं मोठं भांडं नव्हतं. अपूर्वा दाराशी बाळाला घेऊन उभी होती. दिगंबररावांनी पातळ दोन्ही हातांत घेतलं, त्यात तोंड खुपसलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटलं. अपूर्वा म्हणाली, "बाबा, राहू द्या. मी दुसरं काहीतरी बघते." त्यांनी मान हलवली, आणि पातळ पाण्यात सोडलं.

चमच्यानं खाली दाबत होते. वर आलेला फुगा पुन्हा दाबायचे. वाफेबरोबर क्षणभर सगळ्या स्वयंपाकघरात कुसुम आली. खोबरेल, शिकेकाई, फोडणी आणि घाम, मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं घेतलेला तो वास. आम्हा तिघांनाही तो आला. मग साबणाचा वास आला आणि दुसरा काही राहिला नाही.

वाळल्यावर फाडायला दोन माणसं लागतात. एक टोक अपूर्वानं धरलं, एक त्यांनी. मी कात्रीनं कडेला चीर दिली. पहिला फर्रर आवाज झाला तेव्हा दिगंबररावांनी डोळे मिटले, पण हात ओढत राहिले. काठ वेगळे केले, बोचतात म्हणून. बाकीच्याचे तुकडे झाले, आणि त्यातला एक त्याच दुपारी पोरीच्या अंगाखाली गेला. चार-पाच दिवसांत कातडी सुकली. पोर झोपायला लागली, पोरीची आई झोपायला लागली. दिवसातून कितीदा तरी दिगंबररावांची मांडी ओली व्हायची आणि ते लुंगी बदलायचे. डायपरचं उरलेलं एक पाकीट त्यांनी दीपमालेला देऊन टाकलं. ती म्हणाली, "काका, तुम्हीच तर सांगत होता!" ते म्हणाले, "तुमच्या मुलाला चालतात ना? मग वापरा की. मी काय डॉक्टर आहे?"

बाळाचे कपडे दिवेलागणीनंतर बाहेर ठेवू नयेत म्हणतात. त्यामुळे रोज संध्याकाळी ते गॅलरीत जाऊन ते तुकडे काढायचे, घड्या घालायचे आणि तिथेच खाटेवर बसून राहायचे. भिंतीच्या ह्या बाजूला मीही बसायचे. दोघंही कान देऊन असायचो, हे एकमेकांना कधी बोललो नाही. रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू यायच्या, कुणाचा तरी कुकर, आत बाळाचं रडणं. बाकी काही नाही. मी त्या आवाजाला घाबरले होते, तरी आता तो यावा असं मला वाटायचं. एकदा अंधार पडल्यावर भिंतीपलीकडून दिगंबररावांनी हलकेच हाक मारली, "कुसुम." ती हाक माझ्यासाठी नव्हती.

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा शौनक दोघींना न्यायला आला. अपूर्वानं बॅग भरताना त्यातला एक तुकडा बाजूला काढला. "बाबा, हा तुमच्याकडे राहू दे."

"सगळे ने," ते म्हणाले. "एक कमी पडला की पुन्हा ते कागदी बांधशील."

"बाबा."

"ने गं. माझ्याकडे राहिला तर मी नुसता हुंगत बसेन, आणि त्याला आता तुझ्या पोरीच्या शीचा वास येतो." अपूर्वा हसली आणि रडली. त्यांनी तो तुकडा स्वतः बॅगेत टाकून चेन लावली, बॅग उचलून जरा तोलली, पण वजन सांगितलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ते हात वर करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी बेल वाजली. कुसुम गेल्यापासून ह्या वेळी ते कधी घराबाहेर पडले नव्हते. दारात उभे होते, अंगात इस्त्रीचा सदरा, पायात चपला नाहीत. मी विचारलं, काय झालं.

"वहिनी," ते म्हणाले, "घरात कुणी नाही."

मी त्यांना आत घेतलं आणि चहा टाकला.